पहिले शील आणि प्रयोगशाळेतील प्राणी

पंचशीलातील पहिले शील आपल्या वसतिगृहात सकाळ-संध्याकाळ ग्रहण केले जाते. कोणत्याही सजीवाच्या हत्येपासून दूर राहण्याचा हा संकल्प आहे, हे पाचवीतील विद्यार्थीही सांगू शकतो. याच विद्यार्थ्याला सुटीत गावी गेल्यावर शेताच्या बांधावर फुरसे चावले, तर ग्रामीण रुग्णालयात त्याला जे औषध सलाइनवाटे दिले जाते ते कशापासून तयार होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ते घोड्याच्या रक्तापासून तयार होते.

त्याची रीत अशी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष प्रथम अत्यल्प आणि मग क्रमाक्रमाने वाढत्या मात्रेत घोड्याला टोचले जाते. काही महिन्यांत त्याच्या रक्तात त्या विषाला निष्प्रभ करणारी प्रतिद्रव्ये निर्माण होतात. मग ठरावीक काळाने त्याचे रक्त काढून त्यातील द्रवभाग वेगळा केला जातो आणि त्यातून ही प्रतिद्रव्ये शुद्ध करून कुप्यांत भरली जातात. हेच प्रतिविष. खेड्यात त्याला ‘सापाचे इंजेक्शन’ म्हणतात. औषधाची प्रत्येक खेप पुरेशी प्रभावी आहे की नाही, हेही पाहावे लागते. त्यासाठी विष आणि प्रतिविष यांचे मिश्रण पांढऱ्या उंदरांना टोचून त्यांतील किती जगले आणि किती मेले, हे मोजतात. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामाशी अनेक दशके जोडलेले आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांतील बहुसंख्य ग्रामीण भागातील होती. ज्यांना प्रतिविष वेळेवर मिळाले आणि जे वाचले, त्यांच्या जगण्यात त्या घोड्यांचा आणि उंदरांचा वाटा आहे.

शील ग्रहण करणारा मुलगा आणि प्रतिविष घेऊन वाचलेला मुलगा एकच आहे. म्हणून प्राण्यांवरील प्रयोगांचा प्रश्न हा परदेशातील प्रयोगशाळांचा किंवा वादपटूंचा प्रश्न नाही. तो आपल्या दाराशी उभा आहे. त्याला ‘सगळे बंद करा’ असे उत्तर देणे सोपे आहे आणि ‘माणसासाठी सारे चालते’ असे उत्तर देणे त्याहूनही सोपे आहे. प्रस्तुत लेखात या दोहोंच्या मधली वाट शोधायची आहे. मधली म्हणजे निम्मीनिम्मी नव्हे.

नियम नव्हे, तत्त्व

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेची जी मीमांसा केली आहे, ती या प्रश्नाला थेट लागू पडते. तथागतांनी अहिंसा हा नियम म्हणून नव्हे, तर तत्त्व म्हणून सांगितला, असे बाबासाहेब म्हणतात. नियम माणसाला बांधून टाकतो. तत्त्व त्याला विचार करून कृती करण्याचे स्वातंत्र्य देते. दुसरे असे की, मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा भेद त्यांनी स्पष्ट केला. जेथे गरज नाही आणि केवळ इच्छा आहे, तेथे हिंसेला बुद्धांच्या विचारात स्थान नाही. यज्ञातील पशुबळी याच कारणाने त्याज्य ठरला.

हा भेद वाचून पुष्कळ वाचक सुखावतात आणि तेथेच थांबतात. आपल्याला गरज असली की वाट मोकळी, असा अर्थ ते काढतात. माझ्या मते बाबासाहेबांच्या मांडणीचा रोख याच्या अगदी उलट दिशेला आहे. नियमात अडकलेल्या माणसाला विचार करावा लागत नाही. तत्त्वाने वागणाऱ्याला प्रत्येक वेळी करावा लागतो. गरज आहे असे जो म्हणतो, ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर येतो. ती कोणाची गरज आहे, कशासाठी आहे आणि काल होती तरी आज उरली आहे काय, हे त्याला सांगता आले पाहिजे. यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण गरज ही दगडावर कोरलेली वस्तू नाही. विज्ञान पुढे गेले की ती मागे सरते. मागे सरलेली गरज पुढे करून जी हिंसा चालू राहते, तिला गरजेतून झालेली हिंसा म्हणता येणार नाही. त्या दिवसापासून ती इच्छेची हिंसा झालेली असते, मग ती सवयीने होवो, आळसाने होवो किंवा नफ्यासाठी होवो.

सशाचा डोळा

प्रथम सौंदर्यप्रसाधनांचे उदाहरण घेऊ. ते त्यातल्या त्यात सोपे आहे. तरीही त्याचा आरंभ आपण समजतो तसा क्रूर हौसेतून झालेला नाही. अमेरिकेत १९३३ साली ‘लॅश ल्युअर’ नावाचा पापण्यांचा रंग विकला जात होता. त्यातील एका रसायनामुळे स्त्रियांच्या डोळ्यांना भयंकर इजा झाली. काहींची दृष्टी गेली आणि एकीचा मृत्यूही झाला. ते उत्पादन बाजारातून काढून घेण्याचा अधिकार त्या वेळी सरकारला नव्हता. पुढे १९३८ साली तेथे नवा कायदा झाला आणि सौंदर्यप्रसाधने प्रथमच सरकारी देखरेखीखाली आली. या पार्श्वभूमीवर १९४४ साली जॉन ड्रेझ या शासकीय शास्त्रज्ञाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी डोळ्यांना व त्वचेला होणारी इजा मोजण्याची एक पद्धत रूढ केली. ती ड्रेझ चाचणी म्हणून ओळखली जाते.

या चाचणीत पांढऱ्या सशाच्या एका डोळ्यात तपासावयाचा पदार्थ घालतात आणि दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवतात. सशाला पंजाने डोळा चोळता येऊ नये म्हणून त्याची मान चौकटीत अडकवली जाते. मग पुढे कित्येक दिवस डोळ्याची लाली, सूज, स्राव आणि बुबुळावरील पारदर्शक पडद्याचा धुरकटपणा पाहून त्यांना गुण दिले जातात. ससाच का निवडला? तो स्वस्त असतो, गरीब असतो, त्याचे डोळे मोठे असतात आणि तो ओरडत नाही. यांतले एकही कारण त्याचा डोळा माणसाच्या डोळ्यासारखा आहे असे सांगत नाही. सशाच्या डोळ्यात अश्रू कमी येतात, तो पापण्याही क्वचित मिटतो; साहजिकच पदार्थ डोळ्यात अधिक काळ राहतो आणि निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही.

याविरुद्ध सर्वांत परिणामकारक लढा उभारणारा माणूस एक शाळाशिक्षक होता, ही गोष्ट आपल्यासारख्या संस्थेच्या स्मरणिकेत आवर्जून नोंदवावीशी वाटते. हेन्री स्पिरा न्यूयॉर्कच्या सरकारी माध्यमिक शाळांत शिकवीत असत. त्यापूर्वी त्यांनी कामगारांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळींत काम केले होते. १९८० साली त्यांनी रेव्हलॉन या बड्या प्रसाधन कंपनीला उद्देशून ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये पानभर जाहिरात दिली. सौंदर्यासाठी तुम्ही किती सशांना आंधळे करता, असा तिचा प्रश्न होता. स्पिरांनी कंपनीची केवळ नाचक्की केली नाही. पर्यायी चाचणी शोधण्याच्या संशोधनाला पैसे द्या, अशी मागणी त्यांनी केली. त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीने रॉकफेलर विद्यापीठाला साडेसात लाख डॉलर देण्याचे मान्य केले आणि पुढच्याच वर्षी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पर्यायी चाचण्यांचे केंद्र सुरू झाले. विरोधकाकडून त्याची चूक कबूल करून घेण्यापेक्षा त्याला नव्या वाटेने चालायला लावणे, ही चळवळीची रीत विद्यार्थ्यांनी अभ्यासण्याजोगी आहे.

त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत मानवी पेशींपासून वाढवलेल्या त्वचेच्या आणि डोळ्याच्या पडद्याच्या प्रतिकृतींवर चाचण्या करणे शक्य झाले. युरोपीय संघाने टप्प्याटप्प्याने निर्बंध आणत मार्च २०१३ पासून प्राण्यांवर तपासलेल्या सौंदर्यप्रसाधनांच्या विक्रीवर पूर्ण बंदी घातली. भारताने २०१४ साली औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत दुरुस्ती करून अशा चाचण्यांवर प्रथम बंदी आणली आणि मग त्याच वर्षी परदेशात प्राण्यांवर तपासलेल्या प्रसाधनांची आयातही बंद केली. ओठरंगाच्या नव्या छटेसाठी सशाचा डोळा जाळण्याची गरज कोणाचीच नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेले आणि सुरक्षित ठरलेले शेकडो घटक हाताशी होते. हवी होती ती नव्या मालाची नवलाई.

खरेदीदार म्हणून आपले काय, हा प्रश्न मात्र उरतो. भिक्खूंच्या आहाराबाबत विनयात एक सूक्ष्म कसोटी आहे. प्राणी आपल्यासाठी मारल्याचे पाहिले असेल, ऐकले असेल किंवा तशी शंका असेल, तर ते मांस घेऊ नये. वेष्टनावरील सशाचे चित्र किंवा ‘प्राण्यांवर चाचणी केलेली नाही’ हे वाक्य वाचताना ही कसोटी आठवावी. तयार मालाची चाचणी प्राण्यांवर केली नाही, एवढाच त्या वाक्याचा अर्थ असू शकतो. त्यातील एखाद्या घटकाची चाचणी अन्यत्र, अन्य कायद्याखाली झालेली असू शकते.

औषधाचा अवघड प्रश्न

औषधांकडे वळताच उत्तर इतके सरळ राहत नाही. १९२१ साली टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून स्वादुपिंडातील इन्सुलिन वेगळे काढले आणि जानेवारी १९२२ मध्ये मधुमेहाने मरणपंथाला लागलेल्या चौदा वर्षांच्या एका मुलाला ते प्रथम दिले गेले. त्याआधी या आजाराच्या मुलांना उपाशी ठेवून मृत्यू लांबवणे, एवढाच उपचार होता. त्या कुत्र्यांचे मरण व्यर्थ होते, असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

याउलट प्राण्यांवर चाचणी न केल्याने काय होते, तेही पाहा. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे औषध पातळ स्वरूपात विकण्यासाठी एका कंपनीने ते डायएथिलीन ग्लायकॉल या द्रवात विरघळवले. चव पाहिली, वास पाहिला. विषारीपणा कोणी पाहिला नाही. शंभराहून अधिक माणसे मेली आणि त्यांत कितीतरी मुले होती. वर उल्लेखिलेला १९३८ चा कायदा मुख्यतः या दुर्घटनेमुळे मंजूर झाला. पण याच विषाची पुढची कथा आपल्या राज्यातील आहे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हेच द्रव्य मिसळलेले ग्लिसरॉल दिले गेल्याने १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. त्या रुग्णांना वाचवण्यासाठी एकाही उंदराची आवश्यकता नव्हती. एक साधी रासायनिक तपासणी आणि एक प्रामाणिक शिक्का पुरेसा होता. माणसाच्या सुरक्षिततेचे सारे ओझे प्राण्यांवर टाकणे किती फसवे असते, हे यातून कळते.

प्राण्यांवरील चाचणी यशस्वी झाली म्हणजे औषध निर्धोक, हाही भ्रमच आहे. थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध १९५७ साली पश्चिम जर्मनीत बाजारात आले. उंदरांना प्रचंड मात्रा देऊनही ते मरत नाहीत, म्हणून ते अत्यंत सुरक्षित असल्याचा डंका पिटला गेला. गर्भवती प्राण्यांवर त्याचा काय परिणाम होतो, हे नीट तपासलेच नव्हते. १९६१ च्या अखेरीस ते मागे घेतले गेले, तोवर जगभर दहा हजारांच्या आसपास मुले हातापायांच्या व्यंगांसह जन्मली होती. नंतरच्या प्रयोगांत ससे आणि माकडे यांच्या गर्भांवर तसेच परिणाम दिसले. उंदीर मात्र बरेचसे अबाधित राहिले. २००६ साली लंडनमध्ये टीजीएन-१४१२ या नव्या औषधाची मात्रा सहा निरोगी स्वयंसेवकांना देण्यात आली. माकडांना याच्या पाचशेपट मात्रा सोसली होती. या सहाही जणांना काही तासांत अतिदक्षता विभागात हलवावे लागले. प्राणी माणसाचा पहारेकरी होऊ शकतो, पण तो कधी कधी झोपतो.

मग प्राणी वगळून थेट माणसांवर प्रयोग करावेत काय? हा मुद्दा आपल्या समाजाने विशेष जागरूकतेने पाहिला पाहिजे. मुंबईत प्लेगची साथ आली असताना वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधील अपुऱ्या जागेत लस तयार केली, ती सशांवर तपासली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. हे धैर्य वंदनीय आहे. त्यानंतरची मोठी चाचणी भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर झाली. ते स्वेच्छेने पुढे आले, असे नोंदलेले आहे. परंतु गजाआडच्या माणसाची स्वेच्छा किती स्वतंत्र असते, हे विचारावेच लागते. पुढे नाझी डॉक्टरांनी छळछावण्यांत जे केले, त्यानंतर १९४७ साली न्यूरेंबर्ग येथे मानवी प्रयोगांसाठी दहा तत्त्वे मांडण्यात आली. त्यांतील पहिले तत्त्व व्यक्तीच्या स्वेच्छेच्या संमतीचे आहे आणि तिसरे असे की, मानवी प्रयोगाआधी प्राण्यांवरील प्रयोगांचा आधार असावा. म्हणजे माणसाच्या रक्षणासाठी लिहिलेल्या त्या संहितेतच प्राण्याला पुढे उभे केले आहे. त्याला तेथून हटवायचे असेल, तर त्याच्या जागी कोण उभे राहणार, हे आधी ठरले पाहिजे. पैशाच्या निकडीने चाचणीला शरीर देणारा गरीब माणूस तेथे येणार असेल, तर ती करुणा नव्हे.

दीघनिकायातील कूटदंत सुत्ताची येथे आठवण होते. शेकडो बैल, वासरे, बकरे आणि मेंढे यज्ञासाठी खुंटाला बांधून कूटदंत नावाचा ब्राह्मण यज्ञाची रीत विचारायला तथागतांकडे आला. त्यांनी त्याला महाविजित राजाच्या यज्ञाची कथा सांगितली. त्या यज्ञात पशू मारले गेले नाहीत. तूप, तेल, दही, मध यांवर तो पार पडला. आणि दास-नोकरांना दंडाच्या भीतीने रडत-रडत राबवले गेले नाही. मारला जाणारा पशू आणि राबवला जाणारा माणूस यांना तथागतांनी एकाच कथेत शेजारी ठेवले, ही बाब माझ्या दृष्टीने फार मोलाची आहे.

सरकणारी गरज

महाविजिताच्या यज्ञात पशूंच्या जागी तूप आणि दही आले, तसाच बदल विज्ञानात घडू शकतो. त्याचे उत्तम उदाहरण कुत्रा चावल्यावर घ्यावयाच्या लसीचे आहे. विद्यार्थ्यांनी घरातील वडीलधाऱ्यांना ‘पोटातली चौदा इंजेक्शने’ असे नुसते म्हणून पाहावे. त्यांचा चेहराच बोलेल. ती लस डेव्हिड सेंपल यांनी १९११ च्या सुमारास कसौली येथे विकसित केली. मेंढीच्या मेंदूत रेबीजचा विषाणू वाढवायचा, मग मेंढी मारून मेंदू काढायचा आणि त्यातील विषाणू रसायनाने निष्क्रिय करून लस बनवायची, अशी तिची पद्धत होती. पाऊणशेहून अधिक वर्षे भारतात याच लसीवर भर होता. तिने असंख्य माणसे वाचवली. परंतु मेंदूच्या ऊतींमुळे काही रुग्णांना पक्षाघात होई आणि क्वचित मृत्यूही ओढवे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर विषाणू जोपासून तयार केलेली नवी लस आली, तरी ती महाग म्हणून सरकारी दवाखान्यांत जुनीच चालू राहिली. अखेर २००४ साल संपता-संपता मेंदूपासून बनवलेल्या लसीचे उत्पादन भारतात थांबले. आज दंडात चार-पाच इंजेक्शने घेऊन काम भागते. यात मेंढी वाचली आणि माणूसही अधिक सुरक्षित झाला. प्राण्याची दया केली की माणसाचे नुकसान होते, असे गृहीत धरणाऱ्यांनी या उदाहरणाचा विचार करावा. मात्र नवी लस उपलब्ध झाल्यावर जुनी जेवढी वर्षे चालली, तेवढी वर्षे मेंढी विज्ञानाच्या गरजेने नव्हे, तर पैशाच्या हिशेबाने मेली.

गरजेचा दाखला एका कामासाठी घेऊन दुसऱ्याच कामासाठी वापरला जातो, याचेही उदाहरण भारताच्याच इतिहासात आहे. १९५० च्या दशकात पोलिओची लस तयार करण्यासाठी माकडांच्या मूत्रपिंडातील पेशी लागत. त्यासाठी उत्तर भारतातील ऱ्हीसस जातीची लाल तोंडाची माकडे पकडून विमानाने अमेरिकेला आणि युरोपला पाठवली जात. त्यांची संख्या वर्षाला लाखाच्या घरात गेली होती. वाहतुकीत होणाऱ्या हालांमुळे १९५५ साली भारताने ही निर्यात काही काळ रोखली. माकडांचा उपयोग केवळ पोलिओची लस आणि आवश्यक वैद्यकीय संशोधन यांसाठीच होईल, अशी हमी मिळाल्यावर ती पुन्हा सुरू झाली. पोलिओने लुळी पडणारी मुले डोळ्यांपुढे आणली, तर भारताने दिलेली संमती समजण्याजोगी आहे. परंतु अमेरिकेच्या लष्करी संशोधन केंद्रात अण्वस्त्रांच्या किरणोत्साराचा परिणाम पाहण्यासाठी माकडांवर प्रयोग होत असल्याचे १९७० च्या दशकात उघड झाले. मोरारजी देसाई यांच्या सरकारने १९७८ साली निर्यात संपूर्णपणे बंद केली. मुलांना चालते करण्यासाठी दिलेली माकडे युद्धाच्या तयारीत मेली.

आपल्या देशाचा कायदा याबाबत काय म्हणतो? प्रख्यात नृत्यांगना आणि राज्यसभा सदस्य रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी प्रथम खाजगी विधेयक मांडले आणि त्यातून पुढे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आला. नव्या शोधासाठी किंवा जीव वाचवण्यासाठी केलेले प्रयोग तो बेकायदा ठरवत नाही. मात्र त्यांवर देखरेखीसाठी समितीची तरतूद करतो. शक्य तेथे प्रयोग टाळावेत, पुस्तके, प्रतिकृती किंवा चित्रफिती यांनी शिकवणे भागत असेल तर प्राणी वापरू नयेत, भूल द्यावी आणि केवळ हात बसावा म्हणून प्रयोग करू नयेत, असे त्यात सांगितले आहे. त्याच सुमारास, १९५९ साली, विल्यम रसेल आणि रेक्स बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी मांडलेली त्रिसूत्री आज जगभर मान्य आहे: शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरा मार्ग योजावा, योजता येत नसेल तर प्राण्यांची संख्या घटवावी आणि जे वापरावे लागतील त्यांच्या वेदना कमी कराव्यात. आपल्या कायद्यातील एका सूचनेविषयी मला मात्र शंका आहे. लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा प्राणी वापरू नये, असे तो म्हणतो. माकडाऐवजी उंदीर आला की आपल्याला बरे वाटते. पण उंदराची वेदना त्याच्या आकाराएवढी लहान असते काय? मैत्रीभावना करताना आपण लहान-मोठा असा भेद करीत नाही.

ही त्रिसूत्री वाचताना मला सम्राट अशोकाचा पहिला शिलालेख आठवतो. राजाच्या पाकशाळेत पूर्वी रोज लक्षावधी प्राणी मारले जात. हा लेख कोरताना केवळ तीन मारले जातात, दोन मोर आणि एक हरीण, आणि हरीणही नेहमी नाही. पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत, असा त्याचा आशय आहे. लगेच पुढच्या शिलालेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी दोन प्रकारची चिकित्सा सुरू केल्याचे व औषधी वनस्पती लावल्याचे सांगितले आहे. एवढ्या मोठ्या सम्राटाला आपण हिंसा पूर्ण थांबवली, असे खोटेच कोरून ठेवता आले असते. त्याने उरलेल्या तीन प्राण्यांचा हिशेब जाहीर केला. आजच्या संशोधन संस्थांनी दरवर्षी किती प्राणी वापरले, गेल्या वर्षीपेक्षा किती कमी आणि उरलेले कधी थांबणार, हे याच स्पष्टतेने प्रसिद्ध करावे, एवढी मागणी करण्याचा अधिकार नागरिक म्हणून आपल्याला आहे.

गरज सरकण्याची गती आता वाढली आहे. अमेरिकेत २०२२ च्या अखेरीस झालेल्या दुरुस्तीने नव्या औषधासाठी प्राण्यांवरील चाचणीची सक्ती कायद्यातून काढण्यात आली. भारतानेही मार्च २०२३ मध्ये नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांत बदल करून पेशींवरील आणि मानवी अवयवांच्या सूक्ष्म प्रतिकृतींवरील चाचण्यांना स्थान दिले. सक्ती गेली म्हणजे प्रयोग थांबले असे नव्हे. यकृत, मूत्रपिंड आणि मेंदू यांच्यातील परस्पर व्यवहार पेशींच्या एका थरावर अजून पूर्णपणे दिसत नाही. या विषयाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी येथे आयुष्यभराचे काम पडलेले आहे. प्राण्यांवर प्रेम असणाऱ्या मुलांनी जीवशास्त्र सोडून द्यावे, असा सल्ला काही पालक देतात. मी उलट म्हणेन की, त्यांचीच तेथे सर्वाधिक आवश्यकता आहे. सशाचा डोळा वाचवणारी त्वचेची आणि पडद्याची प्रतिकृती शेवटी कोणीतरी प्रयोगशाळेत बसूनच वाढवली.

प्रतिविषाच्या बाबतीतही पहिले पाऊल पडले आहे. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि अमेरिकेतील स्क्रिप्स संशोधन संस्था येथील शास्त्रज्ञांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये एक कृत्रिम मानवी प्रतिद्रव्य प्रसिद्ध केले. नाग आणि मण्यार यांच्या कुळातील सापांच्या विषात आढळणाऱ्या एका घातक प्रथिनगटाला ते निष्प्रभ करते. ते घडवण्यासाठी घोडा लागला नाही. घोणस आणि फुरसे यांचे विष वेगळ्या प्रकारचे असल्याने त्यांच्यावर मात्र ते चालत नाही. त्यांच्यासाठी घोडे अजून तबेल्यात उभे आहेत. आणि घोड्यांची सुटका करू पाहणारे हे नवे प्रतिद्रव्य खरोखर जीव वाचवते की नाही, याची परीक्षा उंदरांवरच घेतली गेली.